हॉकी आणि बास्केटबॉलच्या लीग येतात न जातात, पोरांनी खेळायचं कुणाच्या भरवशावर?

कंपूकर (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात दोन खेळाडू आहेत, म्हणजे होऊ घातलेत. मुलगी चौदा वर्षांची, हॉकी. पुतण्या अकरावीत, उंची सहा फूट एक इंच, बास्केटबॉल. दोघं पहाटे साडेपाचला उठतात आणि आख्ख्या घराला उठवतात. जानेवारीत इथलं धुकं तुम्हाला माहितीये, मैदानाच्या या गोलपोस्टवरून त्या टोकाचा गोलपोस्ट दिसत नाही, नुसता स्टिकवर बॉल बसल्याचा टक्क आवाज येतो आणि मग कुणीतरी पोरगी ओरडते, त्यावरून समजायचं की खेळ चालू आहे. मी बाहेर स्कूटरवर मफलर गुंडाळून बसलेला असतो. तर मुलीला आता इथल्या महिला हॉकी अकॅडमीच्या ट्रायलला बसायचंय, म्हणजे आमच्या कंपू भागातली राज्य सरकारची, २००६ पासून आहे ती. निवड झाली तर छानच, पण बायकोचा प्रश्न एकच आहे, पुढे काय, प्रोफेशनल म्हणून खेळून पोट भरेल का?

परवा रविवारी भाऊ आला होता, बेडई खाता खाता म्हणाला अगं वहिनी आता लीग आहे की, २०२४ च्या ऑक्शनमध्ये उदिता दुहानला ३२ लाख मिळाले. बायको शांतपणे म्हणाली, त्या एका मुलीचं सांगितलंत, बाकीच्यांचं काय ते सांगा. भाऊ गप्प. मग मी रात्री बसून जरा हिशोब मांडला. प्रीमियर हॉकी लीग २००५ ला आली, २००८ ला संपली. मग २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी, एकच सीझन. मग हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ आणि त्यानंतर सात वर्षं काहीच नाही, डायरेक्ट २०२४ च्या डिसेंबरात परत. या सात वर्षांत जो पोरगा अठराचा होता तो पंचविसाचा झाला, म्हणजे त्याचा खेळायचा काळच गेला की हो. बास्केटबॉलचं तर विचारूच नका, पुतण्या मोबाईलवर अमेरिकेची एनबीए लीग बघतो, भारतातल्या लीगचं नाव विचारलं तर डोकं खाजवतो.

आणि ग्वाल्हेरात राहून हे बघायला जास्त वाईट वाटतं. रूपसिंग इथलेच, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, १९३२ च्या ऑलिंपिकला अमेरिकेवर २४-१ अशी मॅच झाली त्यात एकट्याने दहा गोल. त्यांच्या नावाचं स्टेडियम मूळ हॉकीचं, आणि आज कुणालाही विचारा तर सचिनच्या २०० साठी माहितीये. मी पण त्या दिवशी ऑफिसला दांडी मारून टीव्हीसमोर होतो, खोटं कशाला बोलू.

तर विचारायचं असं, की नेमकं घोडं कुठे पेंड खातंय? पैसा नाही म्हणून, लोक बघत नाहीत म्हणून, की चालवणारेच धड नाहीत? आणि काय केलं तर सुधारेल असं वाटतं? स्वतः खेळलेले, पोरं खेळवलेले कुणी असतील तर प्लीज लिहा. क्रिकेटला शिव्या घालणारे मेसेज नकोत, ते माझे मीच घालतो.

भिया_राजवाडा (इंदूर)

भिया एकदम माझ्या जखमेवर बोट ठेवलंत. मी बास्केटबॉलवाला, युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलो, पॉइंट गार्ड, आता गुडघा आणि पोट दोन्ही बाहेर आलेत. पुतण्या सहा फूट एक म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवा की बास्केटबॉलमध्ये ही उंची गार्डची, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणाऱ्याची, बोर्डाखाली उभं राहायची नाही, शाळेत उंच म्हणून सेंटरला, म्हणजे बोर्डाखालीच, उभा करतात आणि मग वरच्या लेव्हलला गेल्यावर समोर सहा-दहावाला येतो आणि पोराला ना धड ड्रिबल येत असतं ना बाहेरून शॉट, हे मी किमान दहा पोरांचं बघितलंय.

आता लीगचं. बास्केटबॉलमध्ये २०१० ला आयएमजी-रिलायन्सचा मोठा करार झाला फेडरेशनशी, सगळ्यांना वाटलं आता झालंच. मग २०१५ ला यूबीए लीग आली, ती २०१७ पर्यंत चालली, मग थ्री-ऑन-थ्रीची, म्हणजे तीन-तीन जणांची, आली, मग फेडरेशनची स्वतःची आयएनबीएल, सहा टीम, चेन्नई हीट जिंकली २०२३ च्या जानेवारीत. नावं सगळी भारी होती हो, हीट काय टायटन्स काय. पण मला सांगा मुंबई टायटन्सचा एक खेळाडू मुंबईतल्या दहा माणसांनी तरी ओळखला असता का? टीम म्हणजे काय तर जर्सीचा रंग आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, महिना संपला की ग्रुप बंद.

मधल्या काळात २०१५ ला फेडरेशनमध्येच दोन गट, दोन निवडणुका, दोन अध्यक्ष. आणि विशेष म्हणजे टीम तेव्हा वाईट नव्हती हो, आदल्याच वर्षी २०१४ ला वूहानमध्ये चीनला त्यांच्या घरात हरवलं होतं आपल्या पोरांनी! चीनला! आणि २०१५ लाच सतनाम सिंग ५२ व्या नंबरवर एनबीएच्या डॅलस टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात त्यात, घेतला, पहिला भारतीय. लोखंड गरम होतं तेव्हा हातोडा कुणाचा यावर भांडत बसले. सतनामला पुढे एनबीएची मॅच काही मिळाली नाही, नंतर डोपिंगची बंदी लागली आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला.

माझ्या आतेभावाचं सांगतो. एका छोट्या लीगमध्ये खेळला, नाव घेत नाही, आता ती अस्तित्वातही नाही. तीन आठवडे हॉटेल, किट, फोटोशूट, हे एवढं मोठं पोस्टर, आत्याने ते देवघराच्या बाजूला लावलं होतं. पैसे? अर्धे आले, अर्धे आजतागायत यायचेत. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. पोस्टर मागच्या दिवाळीला साफसफाईत काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर त्याची मुलगी चित्रं काढते.

म्हणून माझ्या मते पहिली दुरुस्ती साधी आहे, टीम विकत घेणाऱ्याने सीझनच्या आधी सगळ्या खेळाडूंचा पगार तिऱ्हाइताकडे ठेवायचा, बँकेत, गॅरंटी म्हणून. ठेवला नाही तर ऑक्शनला बसायचंच नाही. बाकी लायटिंग, चीअर लीडर, अँकर सगळं नंतर.

जुना_फुलबॅक (ग्वाल्हेर)

कंपूकर, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुम्ही पोफेशनल म्हणता (टायपिंग चुकलं, मुलगा दुरुस्त करायला जवळ नाही) ते आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही हॉकी खेळायचो रेल्वेत लागायला. रेल्वे, आर्मी, पोलीस, ओएनजीसी, इंडियन ऑइल, बँका, यांनी या देशात हॉकी पण जगवली आणि बास्केटबॉल पण. आजही महिलांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेची टीम बघा, वर्षानुवर्षं तीच पुढे. मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली पहिली बारा खेळाडू म्हणून, सकाळी ग्राउंड, दुपारी ऑफिसात नुसती सही. लोक हसतात या पद्धतीला. हसू देत. त्या सहीवर माझी दोन पोरं शिकली आणि आज पेन्शन येतंय. इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद टोकियोला ब्राँझ जिंकून आला तर राज्य सरकारने डीएसपी केलं. लीगच्या ऑक्शनपेक्षा ही गोष्ट आपल्याकडच्या आईबापांना जास्त समजते आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

पण यातली खोट पण सांगतो. नोकरी लागली की पोरगा थांबतो. तेवीसाव्या वर्षी नोकरी पक्की, मग घाम कशाला गाळायचा. आणि नोकऱ्या आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. आणि नोकरीवाल्या टीमला प्रेक्षक नसतो. मी रेल्वेकडून कितीतरी शहरांत खेळलो, कुठे कुणी "आपली टीम" म्हणून टाळी वाजवली नाही, कारण आम्ही कुणाचेच नव्हतो.

दुसरं, मैदानाचं. १९७६ ला माँट्रियलला पहिल्यांदा ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर झाली आणि आपण थेट सातवे आलो, त्याआधी प्रत्येक ऑलिंपिकला मेडल होतं. मी तो काळ बघितलाय. गवतावर बॉल उडतो, थांबतो, तुमचं मनगट त्याला गोंजारतं. टर्फवर बॉल म्हणजे गोळी. आणि आज पन्नास वर्षं झाली तरी आपली पोरं बारा-तेरा वर्षांपर्यंत शाळेच्या उघड्या बोडक्या मातीवर खेळतात आणि ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवतात. मी स्वतः बघितलंय, एक पोरगी, हात इतका सुंदर, ट्रायलला पहिले तीन बॉल तिच्या स्टिकखालून निघून गेले आणि चौथ्याला ती रडायलाच लागली. तिची चूक काय त्यात? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मोठं टर्फ परवडत नाही तर पाच-पाच जणांचं छोटं टाका, चार वॉर्डांत एक, त्यावर पोरं आठव्या वर्षापासून खेळू देत.

आणि भिया, तुम्ही पैशाचं म्हणता ते बरोबर, पण शंकर लक्ष्मण आठवतात का? तुमच्या इंदूरच्या शेजारचे, महूचे. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गोलकीपर, १९५६ आणि १९६४ ला सोनं, १९६० ला रौप्य, पद्मश्री. २००६ मध्ये महूलाच गेले, पायाला गँगरीन झालेलं, हाल होते. आज गोलकीपरचं किट बघितलं की मला तेच आठवतात, त्यांच्या वेळी पॅड म्हणजे नाममात्र, आणि समोरून बॉल तोच, दगडासारखा.

चष्मेबद्दूर (ग्वाल्हेर)

सगळं ठीक आहे पण कटू बोलू का, लोक बघत नाहीत हेच खरं. मेडल आलं की दोन दिवस स्टेटस, तिसऱ्या दिवशी आयपीएल. हॉकीत टीव्हीवर बॉल दिसत नाही, पिवळा करून निळ्या टर्फवर टाकला तरी दिसत नाही, दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजते आणि का वाजली ते कॉमेंट्रीवाला सांगत नाही. कबड्डी बघा, २०१४ ला लीग आली, तीस सेकंदांची रेड, माझी आजी पण बघते, तिला नियम आधीच माहिती होते. हॉकीत पाय लागला की फाउल हे तरी किती जणांना माहितीये? बास्केटबॉल तरी बरा, बॉल मोठा आहे 😄

टोरांटोची_माई (मूळ ग्वाल्हेर, दौलतगंज)

दौलतगंजातल्या वाड्यात वाढलेली आहे हो मी, बावीस वर्षं झाली इकडे येऊन. कंपूकर, धुक्यातला तो टक्क आवाज वाचून अंगावर काटा आला.

इथे हॉकी म्हटलं की बर्फावरची, पहिली दोन वर्षं मी "माझे काका हॉकी खेळायचे" म्हटलं की लोकांना वाटायचं ग्वाल्हेरला बर्फ पडतो. मुलगा दोन्ही बघतो, बर्फावरची हॉकी आणि बास्केटबॉल, त्यामुळे मला पण बळंच सगळं कळायला लागलंय. आणि तुम्हाला वाटत असेल की जिथे पैसा आहे तिथे सगळं आलबेल, तर तसं अजिबात नाहीये.

एनबीएत प्रत्येक टीमच्या ८२ मॅच, आणि एनएचएल म्हणजे बर्फावरच्या हॉकीची लीग, तिथेही २०२५-२६ पर्यंत ८२च. ८२! मग काय होतं, मोठे खेळाडू आराम करतात. २०१९ ला आमची टोरांटो रॅप्टर्स चॅम्पियन झाली ना, त्या वर्षी टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू कवाय लेनर्ड ८२ पैकी ६० च मॅच खेळला. आम्ही चौघांनी तिकिटं काढलेली त्या दिवशी तो कोट घालून बाकावर. माझ्या मुलाचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी २०२३ पासून एनबीएने नियम केला की ६५ मॅच खेळल्याशिवाय मोठी बक्षिसं मिळणार नाहीत. दुसरी गंमत म्हणजे मुद्दाम हरणं. सगळ्यात वाईट टीमला पुढच्या वर्षी नवा चांगला खेळाडू आधी निवडता येतो, मग सीझन गेला की टीम हरायलाच बसते. त्यावर उपाय म्हणून लॉटरी, त्यात सगळ्यात वाईट तिघांना सारखीच १४ टक्के संधी ठेवली, तरी हरणारे हरतातच. आणि मालक-खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा एनएचएलचा आख्खा सीझनच रद्द झालेला.

आणि शहराला टीम नको असेल तर पैसा पण काही करू शकत नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात बर्फाच्या हॉकीची टीम वर्षानुवर्षं चालवली, शेवटची दोन वर्षं तर कॉलेजच्या पाच हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये खेळत होते, २०२४ ला टीम उचलून सॉल्ट लेक सिटीला गेली. उलट आमच्या टोरांटोच्या हॉकी टीमने, मेपल लीफ्सनी, १९६७ पासून कप जिंकलेला नाही आणि तरी तिकीट मिळत नाही. म्हणजे जिंकण्याशी पण संबंध नाही बघा, आपलं वाटलं पाहिजे.

आता मुलीच्या आईसाठी खास. इथे बायकांच्या हॉकीची एक लीग होती, २०१९ ला बंद पडली. तेव्हा सगळ्या मोठ्या खेळाडू मुलींनी मिळून ठरवलं की पगार, विमा, प्रवास नीट असेल अशीच लीग झाली तर खेळू, तोपर्यंत मिळेल तिथे प्रदर्शनी मॅच. चार वर्षं थांबल्या. जानेवारी २०२४ ला नवी लीग सुरू झाली, सहा टीम, सगळ्यांचा मालक एकच, आणि पहिली मॅच व्हायच्या आधी खेळाडूंच्या युनियनशी २०३१ पर्यंतचा करार सही झालेला, किमान पगार लिहिलेला. पहिल्याच वर्षी माँट्रियलला एका मॅचला २१ हजारांवर माणसं आली. आम्ही टोरांटोची मॅच बघायला गेलो होतो, माझ्या पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची पोरगी, तिच्या पाटीवर लिहिलेलं, "मी पण". बास एवढंच. मी आपली उगीच रडत बसले.

सांगायचं कारण, त्यांनी आधी कागद केला आणि मग लीग. आपल्याकडे आधी लीग, आधी लोगो, मग कागद. भिया म्हणतात ती बँक गॅरंटी त्यातलीच, पण ती खेळाडूंनीच मागायला हवी आणि सगळ्यांनी मिळून मागायला हवी. आपल्याकडे खेळाडूंची युनियन आहे कुठे?

जुना_फुलबॅक (ग्वाल्हेर)

माई, युनियन केली तर पुढच्या कॅम्पला नाव येणार नाही. हेच उत्तर आहे.

दौलतगंजात कुठला वाडा? आमची आत्या तिथेच होती.

कंपूकर (ग्वाल्हेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने माईंचा मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाली, मग आपल्या पोरींनी किती वर्षं थांबायचं. मला उत्तर आलं नाही.

एक हिशोब अजून करून बघितला. महिलांच्या लीगमध्ये चार टीम, प्रत्येकीत चोवीस जणी, त्यातल्या आठ परदेशी. म्हणजे आख्ख्या देशातून साठ-सत्तर पोरी आणि मॅच सगळ्या दोन आठवड्यांत रांचीला. लीग परत आली तेव्हाचा पुरुषांचा पहिला सीझन तर राउरकेला आणि रांचीतच. म्हणजे त्या सीझनला तमिळनाडू ड्रॅगन्स, हैदराबाद तूफान्स, यांच्या गावात एकही मॅच नाही! राउरकेलातली माणसं हॉकीवेडी आहेत, एंट्री फुकट होती, स्टेडियम जबरदस्त, मान्य. पण हैदराबादच्या पोराने तूफान्सला आपलं कसं म्हणायचं? आणि यूपीची टीम दुसऱ्या सीझनच्या आधीच बाहेर पडली. २०१३ ला पहिली लीग जिंकलेली रांची ऱ्हायनोज पण अशीच, २०१५ ला त्यांच्या जागी रांचीचीच दुसरी टीम होती. चॅम्पियन टीम दोन वर्षांत गायब, असं क्रिकेटमध्ये चाललं असतं का?

ओडिशा सरकारचं मात्र कौतुक केलंच पाहिजे, २०१८ पासून भारतीय टीमचा खर्च तेच उचलतायत. पण एका राज्याच्या जिवावर किती दिवस. उद्या तिथे कुणाचं मन बदललं तर?

फुलबॅक काका, तुमचं ते टर्फवालं अगदी खरं. मुलगीसुद्धा म्हणते टर्फवर पहिल्या दिवशी तिचे पाय जड झाले होते.

भिया_राजवाडा (इंदूर)

चष्मेबद्दूर भाऊ, लोक बघत नाहीत हे अर्धसत्य आहे. लोक अनोळखी माणसांना बघत नाहीत. याचा मी स्वतः प्रयोग केलाय म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा रिटायर्ड (म्हणजे पस्तिशीतले) खेळाडूंनी कॉलन्यांची लीग काढली. आठ कॉलन्या, थ्री-ऑन-थ्री, कारण पाच-पाच पोरं जमवायची म्हणजे तिघांची ट्यूशन असते. नियम एकच कडक, खेळाडू त्याच कॉलनीत राहणारा हवा, आधार कार्ड बघायचो. दर रविवारी संध्याकाळी, चौदा रविवार, नॉकआउट नाही, सगळे सगळ्यांशी दोनदा. पहिल्या रविवारी प्रेक्षक किती? अकरा, त्यातले चार आमच्या बायका. सहाव्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. का, तर तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंना कळलं की आपला चिन्मय बाजूच्या कॉलनीकडून हरला आणि पुढच्या रविवारी परत त्यांच्याशीच आहे. काकूंना ट्रॅव्हलिंगचा नियम कळत नव्हता, पण दहाव्या रविवारी रेफरीला "अहो तीन पावलं टाकली त्याने" म्हणून ओरडत होत्या. एका पोहेवाल्याने स्वतःहून जर्सी दिल्या, पाठीवर जिलबीचा फोटो.

फसलं काय ते पण सांगतो. एक, रेफरी. पैसे द्यायला नव्हते, मग आम्हीच रेफरी, मग भांडणं, एकदा तर माझ्याच साडूशी. दुसऱ्या वर्षी प्रत्येक टीमकडून वर्गणी घेतली आणि बाहेरचे दोन रेफरी आणले, भांडणं बंद. दोन, उघडं सिमेंटचं कोर्ट, पाऊस आला की संपलं, आणि सिमेंटवर उड्या मारून मारून दोन पोरांच्या नडग्या धरल्या. तीन, मुलींची टीम तीनच कॉलन्यांची झाली, कारण रात्री लाइट नव्हते आणि आया सोडत नव्हत्या. लाइट लावल्यावर सहा झाल्या. एवढंच लागत होतं, दोन लाइट!

माझं म्हणणं, वरून टीम टाकू नका. आधी शहरात वर्षभर लीग चालू देत, त्यातून शहराची टीम, मग इंदूर विरुद्ध ग्वाल्हेर, मग बघा कोण बघत नाही ते. तारखा ठरलेल्या, दर वर्षी त्याच. बँक गॅरंटी आहेच. आणि पोराला वर्षाला चाळीस मॅच खेळायला मिळाल्या पाहिजेत, आत्ता चांगल्या पोराला पण शाळा, जिल्हा, राज्य धरून पंधरा मिळत नाहीत.

चष्मेबद्दूर (ग्वाल्हेर)

जोशी काकूंचं पटलं 😄 इंदूर विरुद्ध ग्वाल्हेर असेल तर मी पण येईन, हरलात तर गजक तुमच्याकडून.

भिया_राजवाडा (इंदूर)

गजक तुमच्याकडची, आम्ही हरलो तर सराफ्यात जेवण. पण हरणार नाही.

टोरांटोची_माई (मूळ ग्वाल्हेर, दौलतगंज)

फुलबॅक काका, गल्लीच्या तोंडाशी विहीर होती त्या वाड्यात. तुमच्या आत्याकडे गौरीला फुलोरा मोठा असायचा का? असेल तर मी तिथे जेवलेय.

कंपूकर, मुलीचं नाव घालाच ट्रायलला. लीग असो नसो. माझं हे आपलं बाईमाणसाचं मत.

कंपूकर (ग्वाल्हेर)

घालतोय माई. पुतण्यालाही कळवलं गार्डचं, तो दोन तास रुसला आणि मग अंगणात डाव्या हाताने ड्रिबल करत बसला, खालच्या भाडेकरूंनी तक्रार केली.

काका, एक शेवटचं. दुकानदार पूर्ण कार्बनची स्टिक घ्या म्हणतोय, खूप महाग आहे आणि साडेछत्तीस इंची. घेऊ का?

जुना_फुलबॅक (ग्वाल्हेर)

अजिबात घेऊ नका. चौदा वर्षांच्या पोरीला पूर्ण कार्बनची कडक स्टिक दिली की बॉल थांबतच नाही, उडून जातो. कमी कार्बनची घ्या. आणि लांबी दुकानदाराला नाही, तिला विचारा. ताठ उभी करा, स्टिक बाजूला, वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. उंची सांगा, बहुतेक पस्तीस-छत्तीस पुरेल.

वाचलेल्या पैशात चांगले शिनपॅड आणि दाताचं गार्ड घ्या, दाताचं आधी. माझे पुढचे दोन खोटे आहेत.

रविवारी सहाला तिला घेऊन या, मी रेल्वेच्या ग्राउंडवर असतो. बॉल थांबवायचं मी दाखवतो. थर्मासमध्ये चहा आणा, साखर कमी.

कंपूकर (ग्वाल्हेर)

येतो काका. उंची पाच फूट एक. चहा बायको देतेय, ती पण येणार म्हणतेय.

जुना_फुलबॅक (ग्वाल्हेर)

मग पस्तीस घ्या. आणि साखर राहू द्या.